आरटीएल-एसडीआर व्ही३, व्ही४ आणि एफएम फिल्टर: सोलापूरच्या गच्चीवर काय उपयोगी पडतं

सोलापूर शहरात राहून रेडिओ स्कॅनिंग करायचं असेल आणि खरेदी एकदाच करायची असेल, तर आरटीएल-एसडीआर ब्लॉगचा व्ही४ डोंगल (यूएसबीला खोचून संगणकावर रेडिओ ऐकवणारा छोटा रिसीव्हर) डायपोल, म्हणजे दोन काड्यांच्या अँटेनाच्या, किटसह घ्यावा, गच्चीपर्यंत पोचेल एवढी चांगली केबल घ्यावी आणि उरलेले पैसे तूर्त खिशातच ठेवावेत. ज्यांच्याकडे आधीचा व्ही३ आहे त्यांनी तो बदलायची गरज नाही. त्याला ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा एफएम बँडस्टॉप फिल्टर (तेवढाच पट्टा अडवणारा) जोडला की काम भागतं. अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे एलएनए, ही शेवटची खरेदी, आणि पुष्कळांना ती लागतच नाही. बहुतेक जण नेमकी उलटी सुरुवात करतात: आवाज खरखरतो म्हणून आधी एलएनए लावतात, गेन (रिसीव्हर सिग्नल किती वाढवतो ते) पूर्ण वर नेतात, आणि स्क्रीनवर सगळीकडे सिग्नल दिसू लागले की खूश होतात. त्यातले निम्मे सिग्नल तिथे नसतातच.

हे का होतं ते डोंगलच्या पोटात पाहिलं की कळतं. व्ही३ मध्ये आर८२०टी२ जातीचा ट्यूनर (नंतरच्या मालात आर८६०), व्ही४ मध्ये आर८२८डी, आणि दोन्हींत आरटीएल२८३२यू ही ८ बिटांची चिप आहे. ८ बिट म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान सिग्नलमध्ये जेमतेम ५० डेसिबलचं अंतर सांभाळण्याची कुवत. आकाशवाणी सोलापूर १०३.४ वर आहे, शिवाय खासगी एफएम आहेत. त्यांचे मनोरे शहरापासून लांब नाहीत. मनोऱ्याकडे तोंड असलेल्या गच्चीवर ही स्टेशनं एवढी जोरात येतात की १४५ मेगाहर्ट्झवरचा हौशी रेडिओवाल्यांचा बारीक सिग्नल ऐकताना ट्यूनरचा पुढचा टप्पा एफएमनेच तुंबलेला असतो. मग तो टप्पा स्वतःच नवीन सिग्नल तयार करतो. समजा दोन प्रबळ स्टेशनं १०३.४ आणि ९२.७ वर आहेत, तर १०३.४ ची दुप्पट वजा ९२.७, म्हणजे ११४.१ वर एक बनावट स्टेशन उगवतं. तिथे गाणी वाजत असतील तर रेडिओला दोष देण्याआधी हा हिशोब करावा.

खरा सिग्नल आणि बनावट सिग्नल ओळखायचा एक खात्रीचा उपाय आहे, आणि त्यासाठी सिग्नल १० डेसिबलने कमी करणारा छोटा एसएमए (डोंगलच्या आट्यांच्या कनेक्टरचा प्रकार) अ‍ॅटेन्युएटर पुरतो. तो अँटेना आणि डोंगलमध्ये बसवा. खरा सिग्नल १० डेसिबलने खाली येईल. वर सांगितल्या प्रकारचा बनावट सिग्नल ३० डेसिबलच्या आसपास कोसळेल, म्हणजे बहुधा दिसेनासाच होईल. खरं तर ही वस्तू किटमध्येच द्यायला हवी होती. ती रोज लागते.

एक बनावट सिग्नल मात्र अ‍ॅटेन्युएटरला दाद देत नाही. डोंगलचा क्रिस्टल २८.८ मेगाहर्ट्झचा आहे. त्याची पाचपट १४४.० आणि पंधरापट ४३२.०. या दोन ठिकाणी दिसणारी सरळ, न हलणारी रेघ डोंगलचीच. अँटेना काढली तरी ती राहते. तिच्यावर वेळ घालवू नये.

गेन लावायची पद्धत अशी. एसडीआर शार्प किंवा एसडीआर प्लस प्लस या सॉफ्टवेअरमध्ये ट्यूनर एजीसी आणि आरटीएल एजीसी (गेन आपोआप बदलणाऱ्या सोयी) दोन्ही बंद करा. आर८२०टी जातीच्या ट्यूनरला शून्यापासून ४९.६ डेसिबलपर्यंत २९ पायऱ्या आहेत. ऐकायच्या बँडवर एखादा स्थिर, कमकुवत सिग्नल शोधा आणि गेन शून्यापासून एकेक पायरी चढवा. सिग्नलचं टोक आणि खालची नॉइजची पातळी यांतलं अंतर वाढत जाईल. ज्या पायरीनंतर अंतर वाढायचं थांबतं, दोन्ही सारखेच वर सरकतात, तिथे थांबा. त्यापुढे गेलात तर एका पायरीवर सगळी पातळीच एकदम उसळी मारते, तो ओव्हरलोड. शहरात फिल्टरशिवाय हा बिंदू बहुधा २५ ते ३३ च्या पायऱ्यांत सापडतो, फिल्टर लावल्यावर ३८ ते ४४ पर्यंत जाता येतं. बँड बदलला की गेन पुन्हा पाहावा. एक आकडा सगळीकडे चालत नाही.

आता फिल्टर. व्ही३ सोबत घ्यायचा एफएम बँडस्टॉप फिल्टर ही या सगळ्या खरेदीतली सर्वांत गुणी वस्तू आहे. धातूची छोटी पेटी, दोन्ही टोकांना एसएमए, वीज लागत नाही. तो ८८ ते १०८ दाबतो आणि बाकीचं जवळपास जसंच्या तसं जाऊ देतो. तो डोंगलच्या तोंडाशी, आणि एलएनए असेल तर एलएनएच्या आधी लावायचा. एलएनएच्या मागे लावलेला फिल्टर डोंगल वाचवतो, पण एलएनए आधीच तुंबलेला असतो. विकत घेताना बँडपास नव्हे, बँडस्टॉप असं नीट वाचून घ्या. बँडपास घेतलात तर एफएम सोडून बाकी सगळं बंद होईल. एफएम ऐकायचं तेव्हा फिल्टर अर्थातच काढावा लागतो.

व्ही४ मध्ये एफएम आणि मध्यमलहरी प्रसारण दाबणारे नॉच फिल्टर आतच आहेत. ते बाहेरच्या चांगल्या फिल्टरइतके खोल नाहीत, पण मनोऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरवर राहणाऱ्याला पुरेसे होतात. म्हणून व्ही४ घेणाऱ्याने फिल्टर लगेच घेऊ नये. वरची अ‍ॅटेन्युएटरची चाचणी करून मग ठरवावं. व्ही४ चा एक त्रास लक्षात ठेवा: त्याला ब्लॉगच्या स्वतःच्या ड्रायव्हर फायली लागतात. जुनी फाइल तशीच ठेवली तर डोंगल ओळखला जातो, चालूही होतो, पण ऐकू काही येत नाही, आणि लोक वस्तू सदोष म्हणून परत पाठवतात.

फिल्टर मागवायचा नसेल तर कोअ‍ॅक्सच्या तुकड्याचा स्टब करता येतो. टी जोडणीत एक तुकडा समांतर लावायचा, दुसरं टोक उघडं ठेवायचं. १०३.४ साठी हवेतल्या लहरीची पाव लांबी ७२.५ सेंमी. आरजी-५८ मध्ये लहर हवेतल्या ०.६६ पट वेगाने जाते, म्हणून ४८ सेंमी. फोमच्या आरजी-६ मध्ये ६० ते ६१ सेंमी. दोन सेंमी जास्त कापून घ्या आणि १०३.४ वरची रेघ सर्वांत खाली जाईपर्यंत अर्धा-अर्धा सेंमी छाटत जा. हा स्टब एकच स्टेशन मारतो, सगळा बँड नाही. शिवाय १४५ वर तो साधारण पावणेदोन डेसिबल खातो. शहरात तेवढं परवडतं. का ते पुढे येईल.

किटमधल्या डायपोलबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तो स्वस्त दिसतो म्हणून लोक पिशवीतून बाहेर काढत नाहीत. एकात एक सरकणाऱ्या दोन मोठ्या काड्या (२३ सेंमी ते १ मीटर), दोन लहान (५ ते १३ सेंमी), वाकणारा तिपाई, काचेला चिकटणारी चूषणी आणि ३ मीटर आरजी-१७४ केबल. प्रत्येक बाजूची लांबी काढायला ७१.३ ला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर मीटरमध्ये येतं. १४५ आणि ४३५ हे हौशी रेडिओचे बँड धरले तर १४५ साठी ४९ सेंमी. ४३५ साठी १६.४ सेंमी. काडीच्या बुंध्यात सुमारे २ सेंमी धातू आधीच असतो, तो वजा करा. म्हणजे १४५ ला काडी ४७ सेंमी ओढायची. ४३५ ला लहान काडी पूर्ण ओढली तरी बुंधा धरून १५ सेंमीच होते; किंचित आखूड, पण चालतं. जमिनीवरचे हौशी एफएम सिग्नल उभे असतात, तेव्हा डायपोल उभा धरा. आडवा ठेवलात तर सिद्धांताने २० डेसिबलपर्यंत तोटा.

हवामान उपग्रहांसाठी हाच डायपोल व्ही आकारात लावायचा: प्रत्येक बाजू बुंध्यासकट ५३.४ सेंमी, दोन काड्यांमध्ये १२० अंश, सगळं आडवं, आणि व्हीचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला, कारण हे उपग्रह ध्रुवांवरून उत्तर-दक्षिण जातात. नोआ १५, १८ आणि १९ हे तिन्ही २०२५ मध्ये बंद झाले. जुन्या मराठी-इंग्रजी मार्गदर्शिका अजून तेच शोधायला सांगतात. तिकडे जाऊ नका. रशियाचे मेटिओर एम२-३ आणि एम२-४ यांचा १३७.९ (कधी १३७.१) वरचा डिजिटल सिग्नल सॅटडम्प या सॉफ्टवेअरमध्ये पकडायचा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक १४५.८ वर आहे. त्यासाठीही हाच व्ही पुरतो, फक्त ते येताना सिग्नल साधारण साडेतीन किलोहर्ट्झ वर आणि जाताना तितकाच खाली सरकतो, म्हणून रिसीव्हरचा फिल्टर १५ ते २० किलोहर्ट्झ ठेवा.

किटचा कच्चा दुवा म्हणजे ती बारीक केबल. ३ मीटरपर्यंत ठीक. पण तीच जात लांबवून गच्चीपर्यंत नेली तर १५ मीटरला १४५ वर साडेपाच डेसिबल आणि ४३५ वर जवळपास दहा डेसिबल केबलमध्येच जिरतात. आरजी-५८ चे आकडे साधारण तीन आणि सहा. डीटीएच बसवणारे वापरतात ती आरजी-६ सव्वा आणि दोन. होय, ती ७५ ओमची आहे आणि डोंगल ५० ओमचा. पण या विसंगतीचा तोटा ०.२ डेसिबलही नाही. सोलापुरात ऐकण्यासाठी तांब्याच्या जाळीची चांगली आरजी-६, एफ कनेक्टर आणि एफ ते एसएमए अ‍ॅडॅप्टर यांच्याइतकी फायद्याची खरेदी दुसरी नाही. दोन सूचना: जाळी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर तिला कथील धरत नाही, दाबून बसवायचाच कनेक्टर घ्या. आणि पिळून चढवायचे स्वस्त एफ कनेक्टर पहिल्या पावसातच काळे पडतात. एलएमआर-४०० ही जाड केबल नक्कीच सरस, पण त्या वाढीव पैशात ऐकण्यात फरक कळत नाही.

अँटेना खोलीतून गच्चीवर नेली की सळयांच्या स्लॅबची आड जाते आणि दहा-पंधरा डेसिबल सहज मिळतात. एवढं कुठलाही एलएनए देत नाही. सोलापूरचा परिसर बराचसा सपाट पठाराचा. १० मीटर उंचीवरून रेडिओ क्षितिज सुमारे १३ किलोमीटर, २० मीटरवरून १८. लोखंडी टाकीचा स्टँड किंवा पत्र्याचं छप्पर असेल तर त्यापासून किमान एक मीटर दूर, आणि शक्य तर त्याच्या वर.

डिस्कोन (चकती आणि शंकूच्या आकाराचा, रुंद पट्ट्याचा अँटेना) घ्यावा का, हा प्रश्न सगळे विचारतात. २५ ते १३०० मेगाहर्ट्झ असं खोक्यावर लिहिलेलं असतं. शंकूच्या काड्या ८०-८५ सेंमीच्या असतील तर तो साधारण ९० मेगाहर्ट्झपासून वरच खरा काम करतो. त्याखाली तो फक्त एक आखूड तार असतो. त्याला लाभ जवळपास नाहीच, आणि एफएमची सगळी स्टेशनं तो तितक्याच प्रेमाने आत आणतो. रात्रंदिवस १०० ते १००० मध्ये फिरणाऱ्याला फिल्टरसह डिस्कोन योग्य. ज्याला १४५ आणि ४३५ हेच ऐकायचंय त्याने तो घेऊ नये. काड्यांच्या आट्यांना थ्रेडलॉक लावला नाही तर पावसाळी वाऱ्यात एकेक काडी सैल होऊन गच्चीवर पडते.

१४५ साठी त्याहून चांगली अँटेना घरी होते. एसओ-२३९ चा चार भोकांचा पॅनल कनेक्टर, घरगुती वायरिंगची अडीच स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची एकसंध तार पावणेतीन मीटर, ३ मिलिमीटरचे चार नटबोल्ट, आणि २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप. मधल्या पिनेला ४९ सेंमीची उभी तार डाग देऊन जोडा. चार भोकांना ५२-५२ सेंमीच्या चार तारा नटबोल्टने आवळा आणि त्या ४५ अंशांत खाली वाकवा. त्यामुळे अवरोध ५० ओमच्या जवळ येतो. तार मऊ वाटली तर पितळी ब्रेझिंग रॉड वापरा. वरचं भोक एम-सीलने बुजवा, जोडावर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप, आणि त्यावर उन्हापासून बचावाला साधी काळी टेप. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, भिंतीतून आत येणार नाही.

आता नॉइज, जिथे सोलापूरची स्वतःची अडचण आहे. पूर्व भागात आणि अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीकडे यंत्रमागाच्या शेड घरांना लागून आहेत. मागाची साधी मोटर फार त्रास देत नाही. त्रास देतात वेग बदलणारे ड्राइव्ह, ठिणग्या मारणारे कॉन्टॅक्टर आणि शेडभर लावलेले स्वस्त एलईडी ट्यूब. उन्हाळ्यात विजेच्या खांबांवरच्या धुळीने माखलेल्या इन्सुलेटरवर गळती होऊन खरखर वाढते आणि पहिल्या चांगल्या पावसाने धूळ धुतली की ती उतरते. एएम मोडमध्ये सेकंदाला शंभर ठोक्यांची भुणभुण ऐकू आली तर स्रोत विजेच्या लाइनवर आहे. स्वतःच्या घरातला नॉइज शोधायला लॅपटॉप बॅटरीवर चालवा, मुख्य एमसीबी पाडा, आणि पातळी पाहा. उतरली तर एकेक स्विच चालू करत जा. बहुधा एखादा चार्जर किंवा एलईडीचा ड्रायव्हर सापडतो. बदलता येत नसेल तर त्याची वायर फेराइट कोअरमधून पाच-सहा वेढे फिरवा: लघुलहरींसाठी ३१ नंबरचं मिश्रण, १०० मेगाहर्ट्झच्या वर ४३ नंबर. एक वेढा पुरत नाही. रोध वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. डोंगल थेट लॅपटॉपला न खोचता अर्धा मीटर यूएसबी वायरने दूर ठेवा, आणि त्या वायरलाही फेराइट लावा.

इथेच एलएनएचा निकाल लागतो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या पी.३७२ शिफारशीतल्या सूत्राने शहरी भागात १४५ मेगाहर्ट्झवर मानवनिर्मित नॉइज उष्णतेच्या मूळ पातळीपेक्षा सुमारे १७ डेसिबल वर असतो, निवासी भागात साडेबारा. डोंगलचा स्वतःचा नॉइज त्याच्या कितीतरी खाली. मग एलएनए लावून तुम्ही बाहेरचा नॉइजच मोठा करता. म्हणूनच स्टबचा पावणेदोन डेसिबलचा तोटा इथे जाणवत नाही. खात्री करायची असेल तर गेन ठरवल्यावर अँटेना काढा आणि नॉइजची पातळी पाहा, पुन्हा लावा. ती दहा डेसिबलने वर चढत असेल तर एलएनए विसरा. ४३५ च्या वर बाहेरचा नॉइज झपाट्याने घटतो, तिथे आणि लांब केबल असेल तर एलएनए उपयोगी, पण तो अँटेनाजवळ, डांबावर. टेबलावर डोंगलशेजारी लावलेला एलएनए केबलमध्ये गेलेलं काही परत आणत नाही. त्याला वीज द्यायला दोन्ही डोंगलमध्ये ४.५ व्होल्टचा बायस-टी (अँटेनाच्या केबलमधूनच वीज पाठवणारी सोय) आहे. डीसीला शॉर्ट असलेल्या अँटेनावर तो चालू करू नये.

सॉफ्टवेअरमधला फिल्टर फुकट आहे, म्हणून तो नीट लावावा. बँडविड्थ निम्मी केली की नॉइज ३ डेसिबलने कमी होतो. हौशी एफएमला १२.५ किलोहर्ट्झ, मध्यमलहरींच्या एएमला ८, शेजारी दुसरं स्टेशन असेल तर ६. एसएसबीला (लघुलहरींवरच्या हौशी बोलण्याला) २.४ ते २.७ किलोहर्ट्झ, मोर्सला ५०० हर्ट्झ. एफएममध्ये फार आवळलं तर मोठ्याने बोलताच आवाज फाटतो. तसं झालं की पुन्हा सैल करा. स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारा उंबरठा) नॉइजच्या ३-४ डेसिबल वर ठेवा आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर पुन्हा पाहा. ठिणग्यांच्या टकटकीवर नॉइज ब्लँकर उपयोगी, पण उंबरठा फार खाली नेला तर तो बोलणंच कापतो. अरुंद सिग्नलला डेसिमेशन (सॅम्पल गाळून कमी करणं) ८ ठेवलं तर ८ बिटांच्या चिपमधूनही ९ डेसिबल अधिक मिळतात.

लघुलहरी आणि आकाशवाणी पुण्याच्या ७९२ किलोहर्ट्झसारखी मध्यमलहरी ऐकायची असेल तर व्ही४ निर्विवाद सरस. व्ही३ तिथे ट्यूनर टाळून थेट सॅम्पलिंग करतो आणि १४.४ मेगाहर्ट्झभोवती सगळं दुमडतं: ७.१ वर हौशी मंडळींना ऐकताना २१.७ वरचं परदेशी प्रसारण त्यावर चढून बसतं. व्ही४ सिग्नल आधी २८.८ मेगाहर्ट्झने वर उचलतो, म्हणून ही भानगड नाही. अँटेना म्हणून एमएलए-३०+ जातीचं लूप लांब तारेपेक्षा शहरात बरं, कारण ते फिरवून शेजारच्या शेडचा नॉइज दाबता येतो.

बाजारात व्ही३ च्या नावाने नकली माल पुष्कळ आहे. घेतल्यावर लगेच तपासा: एखाद्या ठाऊक स्टेशनवर वारंवारतेची चूक १-२ पीपीएमच्या (दहा लाखांत एक-दोन भागांच्या) आत आहे का (१४५ वर १ पीपीएम म्हणजे १४५ हर्ट्झ, नकली मालात कित्येक किलोहर्ट्झ निघते), बायस-टी चालू केल्यावर मल्टिमीटरवर ४.५ व्होल्ट येतात का, थेट सॅम्पलिंगवर मध्यमलहरी वाजते का. आणि काय ऐकायचं तेही ठरवून घ्या: प्रसारण, हौशी बँड, उपग्रह. दुसऱ्यांसाठी असलेले संदेश बेकायदा पकडणं दूरसंचार कायदा २०२३ खाली गुन्हा आहे. बोलायचं असेल तर हौशी रेडिओचा परवाना काढावा.

डोंगल गच्चीवरच्या पेटीत ठेवू नका. चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात बंद पेटी तापते आणि व्ही३ दीड गिगाहर्ट्झच्या वर लॉक सोडतो, म्हणजे वारंवारता धरून ठेवू शकत नाही. तो खोलीतच असू द्या. मे-जूनच्या वळवात वीज अचानक येते. गॅस डिस्चार्ज अरेस्टर लावा, त्याचं अर्थिंग घराच्या अर्थिंगला जोडा, आणि तरीही ढग दाटले की केबल डोंगलपासून काढून खिडकीबाहेर ठेवा. अरेस्टर थेट पडलेली वीज झेलत नाही.